वादी हजर आहे?

दिवा आहे तेवढाच राहू द्या. ही गोष्ट भर दुपारची आहे, तेव्हा रात्रीच्या भुतांना घाबरणाऱ्यांनी खुशाल मांडी घालून बसावं. घाबरायचं नंतर बघू.

शिलाईकाकू त्या दिवशी दिवाणी कोर्टात निघाली ती एका जुन्या निकालाची नक्कल आणायला. एवढंच काम. काकू म्हणजे गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तोंडपाठ असलेली बाई. कोण किती सुटलं हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. लग्न केलं नव्हतं. घरात मशीन, ती आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. आईला कुशीवर वळवतानाच काकूला धाप लागायची, तिथे तिला उचलून घराबाहेर कुठे नेणार? आणि नेमकं तेच संकट उंबऱ्याशी येऊन उभं होतं. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी घराला कुलूप घालायला येणार होता.

"ताई, राग मानू नकोस," तो गोड आवाजात म्हणाला होता, "पण घर आमच्या बाबांच्या नावावर आहे. तुझ्याकडे काही कागद असेल तर दाखव. मी आल्या पावली परत जातो."

कागद! काकूच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी आपल्या सख्ख्या भावावर वाटणीचा दावा लावला होता, निम्मं घर मिळावं म्हणून. मरेपर्यंत छाती काढून सांगायचे, "दावा मी जिंकलो! पुढचं निम्मं घर आपलं." पण निकालाचा कागद काही कधी घरी आला नाही. पुरुषमाणसं अशीच. जिंकल्याची बढाई घरी आणतात आणि पुरावा वाटेत विसरतात. तुमच्यातले दोघे-तिघे आत्ता खाली मान घालून बसलेत, ते दिसतंय मला.

तर काकू कोर्टात पोचली. जुन्या दाव्यांचे कागद जिथे ठेवतात त्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीत एक कारकून बसला होता. वकील मंडळी त्याला वाळवीसाहेब म्हणत. जन्म कागदात गेलेला आणि रंगही तसाच पांढुरका.

"दावा क्रमांक?" त्यानं वर न बघता विचारलं.

"तोच शोधायला आलेय."

"क्रमांकाशिवाय दावा सापडत नाही."

"आणि दावा सापडल्याशिवाय क्रमांक?"

"तोही सापडत नाही." मग मात्र त्यानं वर बघितलं. "कोर्ट आहे हे काकू. इथे सरळ प्रश्न विचारायचा नसतो."

पण माणूस वाईट नव्हता. लोकांना वाटतं इथे मोठं गुपित कोंडलंय, तो म्हणाला. अहो, निकाली दावा कुणीही बघू शकतं. अर्ज लिहायचा, त्यावर कोर्टाचं तिकीट डकवायचं, कशासाठी हवं ते सांगायचं. आणि पक्षकाराची मुलगी म्हटल्यावर तर नक्कल मागायचा तुमचा हक्कच. "फक्त साल सांगा. सालावरून नावं निघतात, नावांवरून क्रमांक."

काकूनं डोकं खाजवलं. दावा लावला त्या वर्षी तिचा पुढचा दुधाचा दात पडला होता. तिनं तसं सांगितलं. वाळवीसाहेबानं कपाळावर हात मारला, पण दातावरून हिशेब करत करत त्यानं साल काढलं आणि क्रमांकही काढला.

"खाली जावं लागेल, तळघरात. कागद तिथेच टेबलावर बसून वाचायचे. आता मधली सुट्टी होतेय, मी जेवायला जाणार, म्हणजे बाहेरून कुलूप लावावं लागेल. जनतेला बघायची मोकळीक आहे, उचलून न्यायची नाही. चालेल?"

"उद्या माझ्या घराला कुलूप लागायचंय. आज मला लागलं तर काय बिघडलं?"

तळघरात उतरताना पायऱ्या ओलसर लागल्या. जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या आणि मांडण्यांवर लाल फडक्यात बांधलेली दफ्तरं, गच्च, जणू कोंबून बसवलेली माणसं. जुन्या कागदाला एक वास असतो बघा, खळीचा आणि उंदराचा. तो वास नाकात नाही, जिभेवर बसला. वाळवीसाहेबानं दफ्तर काढून टेबलावर ठेवलं, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"एक सांगायचं राहिलं. पुकारा ऐकू आला तर ओ देऊ नका."

पुकारा म्हणजे काय ते ज्यांच्या नशिबी कोर्टाची पायरी आली त्यांना ठाऊक आहे. शिपाई दारात उभा राहून पक्षकाराला हाक मारतो. तीन हाका. हजर नसलात तर दावा गेला. निम्मे लोक दाव्यात हरत नाहीत, बाहेर चहा प्यायला गेले म्हणून हरतात.

"सुट्टी संपली की वर कोर्ट भरेल," काकू म्हणाली, "पुकारा ऐकू येणारच की."

"वरचा नाही म्हणत मी," वाळवीसाहेब म्हणाला. कुलूप बाहेरून लागलं.

काकूनं फडकं सोडलं. वडिलांची सही दिसली, तिच्यावरून तिनं बोट फिरवलं. दाव्याचा अर्ज, काकांचं उत्तर, तारखांवर तारखा. शेवटचं पान आलं. त्यावर कुणा न्यायाधीशाच्या घाईच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. *वादीस तीनदा पुकारले. वादी गैरहजर. दावा काढून टाकण्यात येत आहे.*

वादी म्हणजे दावा लावणारा. म्हणजे तिचे वडील. जिंकले नव्हते, त्या दिवशी हजरच नव्हते. गेले असतील चहाला, कुणाशी तरी गप्पा छाटत. आणि मग उरलेलं आयुष्यभर बायकोच्या आणि लेकीच्या तोंडावर खोटं बोलले.

"बाबा, बाबा..." काकू त्या पानाकडे बघत राहिली. उद्या आईला कुठे ठेवायचं? फुटपाथवर? मशीनच्या टेबलावर?

तेवढ्यात दिवे गेले.

पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. आधी काही नाही. मग मांडण्यांच्या मधून, दूर, जिथे भिंत असायला हवी होती त्याहूनही दूर, कुणीतरी घसा खाकरला. आणि हाक आली. लांबवलेली, सुरात, रोज तेच ओरडून कंटाळलेल्या माणसाची...

"वादी... हजर आहे?"

त्यापाठोपाठ वडिलांचं नाव. पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

काकूच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. वाळवीसाहेबाचे शब्द तिला चांगले आठवत होते. बाई काही विसरभोळी नव्हती.

"वादी... हजर आहे?"

आवाज जवळ आला होता. अंधारात दफ्तरांची फडकी सळसळली, जणू कोंबून बसवलेली ती माणसं माना वळवून बघत होती, कोण ओ देतंय.

काकूला आई दिसली. रस्त्यावर, खाटेसकट.

"वादी..." तिसरी हाक. अगदी पाठीशी.

"हजर..." काकू म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "हजर आहे. वादीची मुलगी हजर आहे!"

सगळं गप्प झालं. इतकं गप्प की तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं. चला, झालं, असं तिला वाटलं. पण कोर्टात एकट्यानं दावा चालतो का? तुम्हीच सांगा. एक पुकारा झाला की दुसरा होतोच.

"प्रतिवादी... हजर आहे?" आणि काकांचं नाव.

काका जाऊन कैक वर्षं झाली होती. शेवटी शेवटी सांध्यांना बाम चोळून चोळून त्यांच्या खोलीत शिरवत नसे. तोच वास आता टेबलाच्या पलीकडून आला, झोंबरा, डोळ्यात पाणी आणणारा. समोरची खुर्ची करकरली.

"हजर," समोर कुणीतरी म्हणालं. शांतपणे. फार वेळ वाट बघितलेल्या माणसासारखं.

मग टाक कागदावर चालू लागला. खरखर, खरखर... बराच वेळ.

दिवे आले तेव्हा वाळवीसाहेब दारात उभा होता आणि काकू भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. समोरची खुर्ची मागे सरकलेली होती. दफ्तरातलं शेवटचं पान तेच होतं, तोच पिवळा कागद, तीच जुनी तारीख, तेच घाईचं अक्षर. फक्त मजकूर निराळा. *वादी हजर. प्रतिवादी जातीने हजर. पुढील निम्मे घर वादीकडे, मागील निम्मे प्रतिवादीकडे. वाटणी प्रत्यक्ष करून द्यावी.*

वाळवीसाहेबानं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"ओ दिलीत."

"दिली. माझ्या आईच्या जागी तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतंत?"

त्यानं कोरा कागद पुढे ओढला. नक्कल तयार केली, मूळ कागदाशी ताडून बघितली, सही ठोकली, शिक्का मारला. कागद हातात देताना मात्र खालच्या आवाजात विचारलं, "वादीची ओ तुम्ही दिलीत, हे कळलं. पण प्रतिवादीची कुणी दिली?"

काकूनं नक्कल पोलक्यात खोचली आणि सरळ घरी आली.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ कुलूप घेऊन आला. काकूनं कागद पुढे केला. तो हसत हसत वाचायला लागला आणि 'प्रतिवादी जातीने हजर' इथे त्याचं हसू मावळलं. शेजारी त्याच्या वडिलांची सही होती. नकलेवर फक्त 'सही' असा शब्द लिहितात, खरी सही उमटत नाही. ही उमटली होती. त्यानं बोट फिरवलं तर शाई बोटाला लागली. बोट नाकाशी नेलं, आणि पोराचा चेहरा पिठासारखा झाला.

"ताई... यावर बामाचा वास का येतोय?"

"मला नको विचारूस. निम्मं घर माझं, एवढं कळलं ना?"

"सगळंच ठेव तू," तो म्हणाला. कुलूप तिथेच टाकून जो गेला तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्ही सुखानं घरी गेला असता. पण निकाल नीट ऐकलात का? वाटणी *प्रत्यक्ष* करून द्यावी, असं होतं त्यात.

त्या आठवड्यात एका सकाळी काकू उठली तर घराच्या बरोबर मध्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढलेली. मोजणीवाले ओढतात तशी, सरळसोट. मागच्या खोलीचं दार आतून लागलेलं. काकू हुशार. तिनं वाद घातला नाही. मशीन, कपडे, भांडी, सगळं पुढच्या भागात आणलं, आईची खाट समोरच्या भिंतीला टेकवली. आपलं निम्मं आपल्याला पुरे. मागून रात्री खोकल्याचा आवाज यायचा, तो तिनं अंगवळणी पाडून घेतला. शेजारीण तरी कुठे कमी खोकते?

पण शेजाऱ्याला दिलेली जागा कधी शेजाऱ्याला पुरलीय? रेघ सरकायला लागली. काकू रोज पुसायची, रोज ती वीतभर पुढे यायची. काकूनं मशीन सरकवलं, मग कपाट. बिचारी रडली, भांडली, बंद दारासमोर ती नक्कल मोठ्यानं वाचूनसुद्धा दाखवली. आतून कुणीतरी ऐकल्यासारखं खोकलं, एवढंच.

मग एके दिवशी पहाटे ती आईला कुशीवर वळवायला गेली आणि हात तसाच थांबला. रेघ खाटेखालून गेली नव्हती. खाटेवरून गेली होती. पांघरुणावर, आईच्या गुडघ्यांच्या वर, पांढरी, सरळ.

काकूनं पांघरूण वर केलं. आईच्या मांड्या कोमट होत्या. रेघेपलीकडचे पाय दगडासारखे गार.

"आई, पाय पोटाशी घे गं. मी ओढते, तू जरा जोर लाव..."

"कुणाचे पाय ओढतेस?" म्हातारी डोळे मिटूनच पुटपुटली. "सोड. ते आता माझे नाहीत. भाऊजींच्या वाटणीला गेले ते."

आणि ती लगेच पुन्हा झोपली. श्वास संथ झाला, तोंड किंचित उघडं पडलं. काकू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, म्हणून खाली काय चाललंय ते तिला जरा उशिरा दिसलं. वर्षानुवर्षं न हललेली पायांची ती गार बोटं हळूच आखडली, सैल झाली, आणि एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली.