पहिल्या थेंबाचा मान

थेंब उडाला तो थेट माझ्या नव्या क्रीम ओढणीवर.

साधासुधा थेंब नाही हो! स्कॉटलंडच्या सिंगल माल्टचा. मी गर्रकन वळले, तर समोर एक उंच पोट्टा. बोट अजून हवेतच, आणि चेहरा असा की पळावं की माफी मागावी हेच त्याला समजेना.

"सॉरी... खाली सोडत होतो," तो पुटपुटला. "आमच्यात पहिला थेंब धरतीचा राहते. ज्याचा मान मोठा, त्याले पहिले."

आता आमच्यातही हीच रीत. बाबा गावी मोहाची दारू घेताना आधी बोट बुडवून जमिनीवर शिंपडायचे. पण भिलाईच्या सिविक सेंटरजवळच्या हॉटेलात? गालिच्यावर?

"इथं धरती नाही, कार्पेट हाय," मी दात-ओठ खात म्हणाले. "अन् माह्या ओढणीचा मान गेला, तो वेगळाच!"

तो हसला. मला आणखीच राग आला, कारण हसला छान.

खरं तर राग माझा मलाच होता. मी उन्नती, इथल्याच कोहक्याची. लोकांना व्हिस्की कशी चाखायची ते शिकवायचं, ही माझी नोकरी, आणि एकटीने घेतलेली ही पहिलीच टेस्टिंग. आमच्या कंपनीचे राजकुमार सर रायपूरहून खास बघायला आले होते. "जम गया तो पूरा छत्तीसगढ़ तुम्हारा," ते म्हणाले होते, "नहीं तो वापस नागपूर, फोनपर ऑर्डर लेना." आईबाबांजवळ राहायचं, आणि ज्या कामावर माझा जीव तेच करायचं, सगळं या एका दुपारवर टांगलेलं.

आणि दुपार पार बसली होती. समोर स्टील प्लांटचे रिटायर साहेबलोक. मी समजावलं, ही व्हिस्की आधी साध्या पिंपात मुरते, मग शेवटी शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात ठेवतात, तिथं तिला नवा वास लागतो. "क्या महक आ रही है?" विचारलं, की सगळे बाटलीवरचं वाचून दाखवत. एकाने तर हळूच सोडा मागितला. राजकुमार सर घड्याळ बघून राहिले होते.

शेवटी मी त्या थेंबवाल्याकडेच वळले. "तुम्ही सांगा. प्यायला तर नाहीच तुम्ही."

"पिऊ कसा? संध्याकाळी साइन-ऑन हाय." तो रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, रूपेश, भिलाई-३च्या लोको शेडचा. "ड्यूटीवर चढायच्या आधी मशीनमध्ये फुंकावं लागते. मी मामासोबत आलो." बाजूला त्याचे शामराव मामा, ग्लास पार रिकामा करून बसलेले.

"मग वास तरी घ्या!"

त्याने डोळे मिटले. ग्लास नाकाशी नेला... थांबला... पुन्हा नेला. काय सांगू, त्या क्षणी माझं लक्ष व्हिस्कीवर नव्हतंच.

"मोहफुलं," तो म्हणाला. "मामाच्या अंगणात वाळत घातलेली. दुपारची."

अख्खा हॉल हसला. राजकुमार सरांनी कपाळाला हात लावला. इतकी महागडी बाटली, अन् मोह! मीही हसून वेळ मारून नेली असती, तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मी माझा ग्लास उचलला, वास घेतला... अगं बाई! खरंच की! मनुकांसारखा गोड, उन्हात तापलेला, गावच्या अंगणातला वास. पोट्ट्याने नेमकं पकडलं होतं.

"बिल्कुल सही!" मी मोठ्याने म्हणाले. हसू थांबलं. "बोतल को भूल जाइए. ये आपके घर की कौन-सी महक है? वो बताइए."

मी ग्लास पुन्हा उचलून धरला.

मग एक बंगाली काका हळूच म्हणाले, "खजूर का गुड़... जाड़े वाला." कोट्टायमच्या एक मॅडम एकदम म्हणाल्या, "क्रिसमस का प्लम केक!" पंजाबी अंकलना आईच्या हातच्या पिन्नीची, त्या तुपातल्या लाडवांची, आठवण झाली. मग काय विचारता! जो तो ग्लास नाकाला लावून गाव शोधून राहिला. सोडा कोणालाच आठवला नाही. राजकुमार सरांनीही वास घेतला, डोळे मिचकावले, आणि म्हणाले, "दादी के तिल के लड्डू... अगले महीने रायपूर, उन्नती. तुम ही करोगी."

जिंकले बावा, मी जिंकले!

सगळे गेल्यावर तो दाराशी घुटमळला. त्याचा ग्लास तसाच भरलेला. मी तो नमुन्याच्या छोट्या बाटलीत ओतला.

"सुट्टी कधी हाय?"

"रविवारी. कावून?"

"न चाखताच मोह ओळखला तुम्ही. चाखायला नको?"

"कुठं... येऊ?"

"कोहक्याले. घरी. हिंमत असेल तर." माझे कान तापले होते, पण बोलून गेले.

रविवारी तो आला, मामांना घेऊन, पांढराशुभ्र शर्ट घालून. अंगणात बाबांनी चार पेल्यांत ती बाटली थेंबथेंब वाटली आणि विचारलं, "पहिला थेंब कोण सोडते?"

"मी," मी म्हणाले.

बोट बुडवलं. जमिनीकडे नेलं... आणि फट्कन रूपेशच्या शर्टावर उडवलं.

"अवो पोट्टे, तिकडे कावून?" बाबा ओरडले.

"ज्याचा मान, त्याले, बाबा."

रूपेशने छातीवरचा डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. लाल झाला होता, पण नजर हलवली नाही.

"मी तर माह्या हातचा पहिला थेंब हॉटेलातच दिला हिले," तो बाबांना म्हणाला. "तवा चुकून उडाला होता. आता तुम्हाले इचारून हिले मान देतो... देऊ का?"

शामराव मामांनी खोकून हसू दाबलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलावली. लाजले वगैरे अजिबात नाही, चांगली जोरात डोलावली.

"अबे, मग पी ना आता!" बाबा म्हणाले. "आज फुंकायचं नाही न कुठं?"

रूपेशने पहिला घोट घेतला.

"कसं लागते?" मी विचारलं.

"वासाहून भारी," तो म्हणाला, पण पाहत होता माझ्याकडेच.