चुन्यावरची रांग

त्या दुपारी मी माझ्या बायकोला, ब्रितेसला, मैदानावर घेऊन गेलो, ते फक्त एक लाकडी सांगाडा दाखवायला. मी सुतार. भूकंपानंतर लिस्बनमधल्या प्रत्येक नव्या भिंतीच्या पोटात लाकडाचा पिंजरा बसवायचा हुकूम निघाला होता, आणि ते पिंजरे ठोकून माझं घर चालत होतं. घर म्हणजे टेकडीवरचा तंबू. राजासुद्धा दगडी छताखाली झोपत नाही, मग मी का झोपू, असं माझी बायको म्हणायची. मागच्या हिवाळ्यात त्याच तंबूत आमचं पहिलं मूल गारठून गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि थंडी तोंडावर आली होती. हे मूल मला कसंही करून जगवायचं होतं, आणि त्यासाठी ब्रितेस पिंजऱ्याच्या नव्या घरात राहायला तयार व्हायला हवी होती.

सांगाडा हादऱ्यात टिकतो का, हे बघायला सरकारी कप्तानानं शिपायांना त्याच्याभोवती उभं केलं. हुकूम सुटताच ते पाय आपटत फिरू लागले. जमीन हादरली, सांगाडा करकरला, पण पडला नाही.

"बघा बाई," कप्तान म्हणाला, "जमिनीच्या पोटात वारा कोंडतो, तो बाहेर पडतो. देवाचा कोप वगैरे काही नाही."

"फादर तर म्हणतात, आपल्या पापामुळं झालं."

"मग चर्चं पडली आणि बदनाम गल्ल्या शाबूत राहिल्या, त्या कशा? विचारा की फादरना!"

मला दोघांचाही संशय यायचा. एक सरकारच्या पगारावर, दुसरा देवाच्या. खरं तर भूकंपाच्या त्या सकाळपासून आमच्या शहरात कोणी कुणाच्या शब्दावर विसंबत नव्हतं.

"थांबा!" कप्तान ओरडला. शिपाई जागच्या जागी थांबले.

आणि मग जमिनीखालून आवाज आला. धप्प. एकच, जड, पण पुष्कळ जणांचा मिळून.

"कोण तो? हुकूम कळत नाही?" कप्तान खेकसला. शिपाई एकमेकांकडे बघत राहिले. कुणीच हललं नव्हतं.

ब्रितेसनं माझा दंड घट्ट धरला. "गास्पार... हे पाय नव्हेत. गुडघे आहेत. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत सगळे एकदम टेकतात ना... तसे."

भूकंप झाला त्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, ती चर्चमध्ये आईशेजारी पहिल्या रांगेत होती. मेणबत्ती विसरली म्हणून घरी आली, आणि मागं चर्च आईसकट सगळ्यांवर कोसळलं. पुढं सगळा ढिगारा ठोकून सपाट केला आणि त्यावर दोरी लावून सरळ रस्ते आखले. ते चर्च नेमकं कुठं होतं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

तरी थंडीपुढं तिचं काही चाललं नाही. "मूल होईपर्यंत राहते," ती म्हणाली, "पुढचं पुढं बघू." आम्हाला नव्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच पहाटे टेकडीवरची घंटा वाजली आणि पुढच्या खोलीतून आवाज आला. धप्प.

मग तो रोजच येऊ लागला. वरच्या मजल्यावर फादर एस्तेवाँव राहत. आमच्या दाराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. बायकोला घाबरवून पश्चात्तापाला लावायचा हा डाव, अशी माझी खात्रीच झाली.

"फादर, पहाटे काय आपटता हो?"

"मी?" ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "मला वाटलं, तुझंच सुतारकाम चाललंय."

चोर पकडायचाच म्हणून मी निजण्याआधी पुढच्या खोलीभर चुन्याची पूड पसरली.

सकाळी चुन्यावर एकही पाऊल नव्हतं. होते ते गोल खळगे, दोन-दोन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रांगेमागं रांग. फक्त पहिल्या रांगेत एका माणसापुरता चुना तसाच कोरा होता.

ब्रितेस केव्हा मागं येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

"आईच्या उजव्या हाताला..." ती हळूच म्हणाली. "ती माझी जागा."

"आपण तंबूत जाऊ," मी म्हणालो. "आत्ताच जाऊ."

पण तिथंच तिला कळा सुरू झाल्या. संध्याकाळी मुलगी झाली, चांगली ठणठणीत, घर डोक्यावर घेणारी. बाहेर गार पाऊस कोसळत होता. असल्या गारठ्यात त्या ओल्या जीवाला मी कुठं नेणार होतो?

मायलेकी झोपल्यावर मी पुन्हा चुना पसरला. का, ते विचारू नका. आता मला माझ्याच डोळ्यांचा संशय यायला लागला होता.

पहाटे घंटा वाजली. धप्प. मी दिवा घेऊन पुढच्या खोलीत गेलो. ब्रितेसची जागा अजून कोरी होती. मला जरा हायसं वाटलं. दिवा खाली धरला, तेव्हा दिसलं की त्या जागेच्या पलीकडची सगळी रांग रात्रीतून वीतभर सरकली होती, आणि मधे एका तान्ह्या जीवापुरता चुना कोरा सोडला होता.