चोरलेला गडगडाट

पहिल्याच दिवशी प्रभावती चुकीच्या वर्गात जाऊन बसली. जालन्याच्या त्या शाळेत मे महिन्यात एकाच वेळी दोन प्रशिक्षणं चालू होती. टेंभुर्णीहून सकाळची एसटी धरून, धुळीनं माखून ती पोचली, तेव्हा उशीर झालेला. जे दार उघडं दिसलं त्यात ती शिरली. समोरचे गृहस्थ पोलिओच्या डोसाविषयी बोलत होते. तिनं मुकाट्यानं लिहून घ्यायला सुरुवात केली.

बऱ्याच वेळानं शेजारच्या बाकावरच्या तरुणानं मान न वळवता हळूच विचारलं, "मॅडम, हे इंग्रजीचं कधी सुरू करतील?"

"मी पण तीच वाट पाहून राह्यले," ती कुजबुजली.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं... आणि तोंडाला रुमाल लावून एकामागोमाग एक बाहेर पडले. व्हरांड्यात आल्यावर मात्र हसू आवरेना. तो मच्छिंद्र, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या शाळेवरचा मास्तर. सन दोन हजार साल ते. पहिलीपासून इंग्रजी सुरू होणार म्हणून जिल्हाभरातले तरुण शिक्षक बोलावले होते, त्यात हे दोघं.

बरोबर वर्गात पोचले तेव्हा प्रशिक्षक अण्णासाहेब सर म्हणत होते, "लेट अस ब्रेक द आइस." त्या उन्हात बर्फाचं नाव ऐकून प्रभावतीला बरं वाटलं, आणि ती खरंच इकडंतिकडं पाहू लागली. ते मच्छिंद्रच्या नजरेतून सुटलं नाही. दुपारी लिंबाखाली डबा सोडताना तो म्हणाला, थंड मुलखात समुद्राचं पाणी गोठतं, जहाजं अडकून पडतात. मग एक दणकट जहाज पुढं जाऊन बर्फ फोडतं आणि बाकीच्यांची वाट होते. अनोळखी माणसांत पहिला शब्द बोलणारा म्हणजे ते जहाज.

"म्हणजे पोलिओच्या वर्गात..." ती म्हणाली.

"ते जहाज मीच," तो म्हणाला आणि तिच्या डब्यातल्या ठेच्याकडं पाहू लागला. तिनं डबा पुढं सरकवला.

त्या दिवसापासून हा नेमच झाला. प्रशिक्षण सुटलं की शाळेसमोरच्या रसवंतीवर दोन ग्लास, आणि एक इंग्रजी वाक्प्रचार, त्याच्या जन्मकथेसकट. मच्छिंद्रला हा नाद कॉलेजात लागलेला. शब्दापेक्षा शब्दामागची माणसं त्याला आवडायची. बाजारात डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात मांजर बांधून विकणारा लबाड, आणि पोतं सोडलं की फुटणारं बिंग. सांगता सांगता तो मध्येच थांबायचा, ग्लास खाली ठेवायचा, ऐकणाऱ्याकडं पाहायचा... आणि मग शेवट सांगायचा. त्या थांबण्यात प्रभावतीचा जीव अडकू लागला.

एकदा त्यानं बाहीवर काळीज मिरवण्याची गोष्ट सांगितली. जुन्या काळी तिकडचे सरदार झुंजीला उतरताना आपल्या आवडत्या बाईची रिबीन दंडावर बांधायचे म्हणे. लपवाछपवी नाही, सगळ्या गावाला कळू द्या.

"आपल्याकडं रिबीन बांधून शाळेत गेलो तर हेडमास्तर मेमो देतील," तो म्हणाला.

"आणि बांधायचीच झाली तर?"

तो थांबला. ग्लास खाली ठेवला. "तर मंग... मागावी लागंल कोणाला तरी."

प्रशिक्षणापुरती ती जालन्यात मावशीकडं उतरली होती; त्या संध्याकाळी मावशीच्या घरी तिनं भाजीत दोनदा मीठ टाकलं.

आणि मग उषा आली. ती जालन्याचीच, इंग्रजी माध्यमातून शिकलेली. लग्नकार्यामुळं तिचे पहिले काही दिवस बुडाले होते. ती 'थ' म्हणायची तर जिभेचं टोक दातांमध्ये अलगद दिसायचं, आणि सगळा वर्ग त्या टोकाकडं पाहायचा. मच्छिंद्रचे उच्चार कच्चे म्हणून अण्णासाहेबांनी त्याची जोडी उषाबरोबर लावली. आता मधल्या सुट्टीत तो लिंबाखाली नव्हे, तिच्या बाकाजवळ दिसे. प्रभावतीनं स्वतःला समजावलं, शिकायलाच आलाय माणूस, शिकू दे. पण डबा आता ती वर्गातच खायची, पाठ भिंतीकडं आणि तोंड बरोबर त्या बाकाकडं करून.

एका संध्याकाळी तिला फळा पुसायला उशीर झाला. बाहेर येऊन पाहते तर रसवंतीवर दोन ग्लास, आणि समोर उषा. मच्छिंद्र सरदारांची गोष्ट सांगत होता. तीच गोष्ट. तो मध्येच थांबला, ग्लास खाली ठेवला, उषाकडं पाहिलं... तेच थांबणं! प्रभावतीला वाटलं, कोणी आपल्या ट्रंकेतली घडी केलेली साडी काढून दुसरीच्या अंगावर घातली. पुढं ती रिबिनीचं बोलला का, हे ऐकायला ती थांबली नाही. रात्रभर मात्र तेवढंच ऐकायचा प्रयत्न करत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, रस घ्यायला येता का?

"घसा बसलाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

त्याला काही उमगलं नाही. उषाची टिकली, उषाचं हसणं, उषानं त्याला दिलेला पेन, प्रभावतीच्या नजरेतून काही सुटेना. मावशीच्या आरशापुढं उभी राहून ती जिभेचं टोक दातांत धरून 'थ' म्हणू लागली. जीभ चावली गेली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक नमुना पाठ घ्यायचा होता. ज्याचा पाठ उत्तम, तो वर्षभर जिल्ह्याचा मार्गदर्शक शिक्षक होणार होता. मच्छिंद्रनं आपला पाठ प्रभावतीला आधीच ऐकवला होता, उषा यायच्याही आधी. फार वर्षांपूर्वी लंडनच्या एका नाटककारानं रंगमंचावर ढग गडगडवायची नवी युक्ती काढली. नाटक पडलं. काही दिवसांनी तो दुसऱ्यांचं नाटक पाहायला गेला, तर तिथं त्याचाच गडगडाट! तो उठून ओरडला, माझा गडगडाट चोरला यांनी. तेव्हापासून दुसऱ्याचा मान आधीच लाटला, की इंग्रजीत गडगडाट चोरला म्हणतात. मच्छिंद्रनं त्यासाठी पत्र्याचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. योग्य जागी तो हलवायचा की वर्ग दणाणणार.

पाठाच्या सकाळी प्रभावती आली, तेव्हा त्या पत्र्याचं एक टोक मच्छिंद्रच्या हातात होतं आणि दुसरं उषाच्या. पत्रा गडगडत होता आणि दोघं हसत होते.

प्रभावतीचं नाव आधी पुकारलं गेलं. फळ्यावर लिहायचे फळांचे शब्द तिनं तयार केले होते. ती उभी राहिली, कोपऱ्यातल्या पत्र्याकडं चालत गेली, आणि तिनं लंडनच्या नाटककाराची गोष्ट सुरू केली. शेवटाआधी ती थांबली. खडू खाली ठेवला, वर्गाकडं पाहिलं. मच्छिंद्रकडं मात्र नाही. मग पत्रा असा हलवला की शेजारच्या वर्गातले लोक दाराशी आले. टाळ्या थांबेनात.

मच्छिंद्रची पाळी आली, तेव्हा तो क्षणभर रिकाम्या हातांकडं पाहत राहिला. मग त्यानं आठवड्याचे वार शिकवले. साधेच.

मार्गदर्शक म्हणून प्रभावतीचं नाव जाहीर झालं. मच्छिंद्र जवळ आला, "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम," म्हणाला आणि अंबडच्या गाडीकडं निघून गेला. त्याच्या आवाजात राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

उषानं तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "ती त्यांची गोष्ट होती. मला माहीत आहे. आणि स्पष्ट सांगते, मला ते आवडतात. तुम्हाला आवडत नसतील तर तसं सांगा."

प्रभावतीनं नळ बंद केला. "आवडतात," ती म्हणाली. कुणासमोर पहिल्यांदाच म्हणाली, तेही नेमकं हिच्यासमोर.

"मग त्यांना सांगा. मला सांगून काय उपयोग," असं म्हणून उषा वळली, आणि वळताना तिनं डोळे पुसलेले प्रभावतीनं पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला उषाचा राग आला नाही.

ती तशीच अण्णासाहेबांकडं गेली आणि पाठ कुणाचा होता ते सांगून टाकलं. सर म्हणाले, नाव आता बदलणार नाही. पण जोडीला एक शिक्षक लागणार आहे, तो कोण ते तुम्ही सुचवा, आणि त्याला तुम्हीच राजी करा.

टेंभुर्णीला परतल्यावर तिनं वडिलांना, तातेरावांना, मच्छिंद्रविषयी सांगितलं. ते बैलांना पाणी दाखवत होते.

"शिकवतो चांगला?" त्यांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगला."

"मंग निवड तुझी कशी झाली?"

तेही सांगावं लागलं. तातेराव बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, आधी त्याच्यापाशी कबूल हो. बाकीचं तो घरी आल्यावर पाहू.

रविवारी ती अंतरवाली सराटीच्या चौकात उतरली, तेव्हा चहाच्या टपऱ्यांवरची सगळी डोकी वळली. मच्छिंद्र तिथंच बाकड्यावर होता. तो उठला आणि तिला शाळेच्या ओट्याकडं घेऊन गेला. ऊन मी म्हणत होतं. दोघं सावलीच्या पट्टीत बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"पत्र्याला हात लावायला नको होता तुम्ही," तो म्हणाला. "लई मनापासून तयारी केल्ती मी."

"हो. चुकलं माझं."

"असं का केलं पण?"

"तुम्ही रिबिनीची गोष्ट तिला सांगितली." ती मैदानाकडं पाहत बोलत राहिली. "तशीच. ग्लास खाली ठेवून. माझा जळफळाट झाला. अजून होतोय."

तो तिच्याकडं पाहतच राहिला. "कोणी मन लावून ऐकलं की मला बरं वाटतं, मॅडम. खोटं कशाला बोलू. पण रिबीन मागायचं... ते तिच्यापाशी न्हाई बोललो."

वारा आला, मैदानातली धूळ गोल फिरली. प्रभावतीनं अण्णासाहेबांचं म्हणणं सांगितलं. वर्षभर दोघांनी मिळून जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत शिकवत फिरायचं.

"जोडीनं फिरायचं म्हणजे लोक बोलतील," तो म्हणाला.

"वडिलांनी विचारलंय... तुम्ही आमच्या घरी कधी येता."

मच्छिंद्रनं मान खाली घातली. कान मात्र लाल झाले होते. मग मधली जागा ओलांडून तो जरा जवळ सरकला. "आईला घेऊन येतो," तो म्हणाला. "या गुरुवारीच. चालंल ना, प्रभा?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"पण गोष्टी तर सांगाव्याच लागतील," तो थोड्या वेळानं हळूच म्हणाला. "शिकवायचंच काम आपलं."

"सांगा ना. पोरांना सांगा, मास्तरांना सांगा," प्रभावती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "समोर बाई असली की मी सांगेन."