बेडीवाल्याला दिलेला शब्द

हे मी रचून सांगत नाहीये. रचायला मला वेळ नाही आणि हौसही नाही. माझ्या खांद्याचं हाड अजून ठणकतं, ते काही रचून ठणकत नाही.

गेल्या सर्वपित्री अमावस्येला घडलं. तोक्योतल्या कोतोमध्ये, आमच्या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत.

भर दुपारी.

माझा नवरा पुष्कर आयटीत आहे. जुन्या वस्तूंचं त्याला भारी वेड. त्या आठवड्यात योकोहामाच्या एका म्हाताऱ्या भारतीय शेठजींच्या दुकानातून काय आणावं त्यानं? बेडीची लोखंडी कडी. पायातली.

असलं घरात कशाला आणलंस म्हणून मी भडकले, तर त्यानं शेठजींकडून ऐकलेली हकीकत सांगितली.

दीडशे वर्षांपूर्वीचा कोकणातला माणूस. दुष्काळात दोन पायली नाचणी चोरली. एवढ्यासाठी सक्तमजुरी, तीही समुद्रापार. बायको-मुलं धक्क्यावर रडत राहिली आणि याला सिंगापूरला नेलं. बेड्या घालून वर्षानुवर्षं खडी फोडायला लावली. शेवटी तो एका जहाजाच्या तळाशी लपून पळाला आणि योकोहामाला उतरला. एक कडी घोट्यात तशीच अडकलेली. फडकं गुंडाळून ती लपवायची आणि शेठजींच्या पणजोबांच्या गोदामात हमाली करायची, असं त्याचं चाललं होतं.

एक दिवस गोदामात रेशमाचा गठ्ठा दिसेना. कुणीतरी त्याची कडी पाहिली.

झालं.

पणजोबांनी त्याला गोदामात कोंडलं आणि जीव जाईपर्यंत सळईनं मारलं. तो मेल्यावर कडी कापून काढली.

गठ्ठा दुसऱ्या दिवशी तिथेच सापडला.

पुष्करला हे फार लागलं. त्या बिचाऱ्याचं कुणी काही केलं नसेल म्हणाला. म्हणून सर्वपित्रीला त्यानं गॅलरीत माझ्या सासऱ्यांच्या पानाशेजारी त्याचंही पान मांडलं. बाजूला ती कडी.

तोक्योत कावळ्यांना काय तोटा? कचऱ्यावर जाळी टाकावी लागते, इतके माजलेत मेले. सासऱ्यांच्या पानावर लगेच तुटून पडले.

या पानाला मात्र...

एकही शिवेना.

कावळा शिवला नाही की आपल्याकडे मेलेल्याला शब्द देतात. पोरीचं लग्न लावू, म्हातारीला सांभाळू. पण काय ते नीट सांगून. आमच्या या शहाण्यानं सरळ हात जोडले.

"तुमचं जे काही राहिलं असेल, ते मी पुरं करीन."

खालच्या शाळेतला पोरांचा गलका अचानक थांबला. ट्रेनचाही आवाज येईना...

आणि कावळा शिवला.

पुष्करनं कडी उचलली आणि अनवाणी घराबाहेर पडला. मी हाका मारत मागे धावले. तो सरळ योकोहामाच्या ट्रेनमध्ये चढला, त्याच्यामागे मीही. तळव्यांतून रक्त येत होतं आणि डब्यातली माणसं सभ्यपणे मोबाईलमध्ये बघत होती.

दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं शेठजींची कॉलर धरली. कडी मुठीत होती.

पहिल्या फटक्याला जबडा मोडला. तो आवाज मी विसरू शकत नाही. काचेच्या काउंटरवर दात पडले. मी त्याच्या हाताला लोंबकळले, तर त्यानं मला कपाटावर भिरकावलं. खांदा कडकन वाजला.

आणि प्रत्येक फटक्याला तो ओरडत होता...

"गठ्ठा मी नाय चोरला!"

पुष्कर पुण्याचा आहे हो. तो असं बोलत नाही. आवाजही त्याचा नव्हता.

पोलिसांनी त्याला नेलं, कडी जप्त केली. काचेपलीकडून तो मला म्हणाला, शेजारी दुभाषा बसलेला असताना, "स्वप्ना, मला सोडवू नकोस. त्याचं अजून संपलेलं नाही. त्या घरातलं कुणीच ठेवायचं नाही म्हणतोय."

मी रडले, त्याला वेड्यात काढलं. शेठजी वाचले आणि त्यांनीच तक्रार नको म्हणून कळवलं. त्यांचा मुलगा आमच्या घरी येऊन उलट आमचीच माफी मागून गेला. सोबत पूर्वी नावाची त्याची लेक होती. ती नेमकी आमच्या लेकीच्या, नुपूरच्या वर्गात निघाली.

पुष्कर सुटून घरी आला. शांत होता. नुपूरला मी बजावलं होतं, पूर्वीला घरी आणायचं नाही. पण पोरं ऐकतात का?

गेल्या आठवड्यात ऑफिसातून आले, तर दारात पूर्वीचे बूट.

घरात कसलाच आवाज नाही...

मग बाथरूममधून धडका सुरू झाल्या. पुष्करनं स्वतःला आतून कोंडून घेतलं होतं. दाराला तडे गेले होते, फटीतून रक्त येत होतं. दोघी पोरी सोफ्यामागे दडून बसलेल्या. अंकल मला पळ म्हणतात आणि ये पण म्हणतात, असं पूर्वी मला इंग्रजीत सांगत होती. मी तिला उचलून खाली नेलं आणि तिच्या वडिलांच्या हवाली केलं.

परत आले तेव्हा पुष्कर फरशीवर बसून रडत होता. बोटांची हाडं दिसत होती.

उद्या आम्ही जपान सोडतोय. त्या घरापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं.

विमानात पुष्करच्या शेजारी मी बसणार आहे. नुपूरची सीट मी पार पुढे, दुसऱ्या टोकाला घेतली आहे.