खिडकीकडची जागा

माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये शेवटी उभं असतं ते विज्ञान. हे वाक्य मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मनातल्या मनात तयार केलं, आणि मला ते इतकं आवडलं की वहिनीला ऐकवलं. वहिनी म्हणाली, "भावजी, जरा गप्प बसता का?" पुढे प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा कळलं की मध्ये असते ती एक चादर. पांढरी, धुऊन धुऊन विरलेली, कोपऱ्यावर निळा शिक्का मारलेली.

चादरीवर माझा दादा होता. दादा म्हणजे भरभक्कम प्रकरण. घरात त्याला वेगळी खुर्ची आहे, कारण बाकीच्यांनी एकेक करून राजीनामे दिले. न्यूमोनियाने त्याची फुप्फुसं भरली होती. झोपेचं औषध देऊन घशात नळी घातलेली, श्वास यंत्र घेत होतं. डॉक्टर म्हणाले, उताणा ठेवून प्राणवायू पुरत नाही, आता पालथा करून बघायचा.

"आणि तरी नाही पुरला तर?" वहिनीने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे काहीही न कळता बघत राहण्याची सवय आहे. मी सिस्टर लोकांचं काम बघत बसायचो. त्या बेशुद्ध माणसाला सगळं सांगून करायच्या. "काका, तोंड पुसतेय हां, गार लागेल." मी एकदा म्हटलं, त्याला काय ऐकू येतंय. एक्सप्रेस सिस्टर (हे नाव वहिनीने ठेवलेलं, ती कधी चालताना दिसली नाही, कायम पळतच) म्हणाली, "ऐकू येत असलं तर? तुमच्या तोंडात कुणी न विचारता बोटं घातली तर चालेल का?" चाललं नसतं.

दुसरी गोष्ट कमरेची. हातमोजे चढवले की त्या हात कशालाही लावत नसत. दार, ट्रॉली, वाटेत उभा असलेला नातेवाईक, सगळं कमरेने सारायचं. मलाही असे धक्के बसले होते. रागाचे नव्हेत. गाय वासराला सारते तसे.

पालथं करण्याच्या वेळी मला काचेबाहेर उभं केलं. दादाच्या खाली एक चादर, वर एक चादर, आणि दोन्हींच्या कडा एकत्र घट्ट गुंडाळत अंगापर्यंत आणलेल्या. डॉक्टर डोक्याशी, नळी धरून. दोन्ही बाजूंना दोघी-दोघी लागतात, एक खांद्याशी, एक कमरेशी. सिस्टर होत्या तिघीच. दाराच्या बाजूला एक्सप्रेस आणि चष्मेवाली. खिडकीच्या बाजूला खांद्याशी मोठ्या सिस्टर, म्हणजे सगळ्यांच्या वरच्या. कमरेशी कुणीच नाही. दादाचं निम्मं वजन तिथेच आहे.

मला वाटलं, आता कुणाला तरी हाक मारतील. मोठ्या सिस्टरांनी त्या रिकाम्या जागेकडे बघून नुसती मान हलवली, तयार का, असं विचारतात तशी.

"एक, दोन, तीन."

दादा उचलला गेला. सरळ, सपाट, कमरेकडून जराही न लोंबता. खिडकीकडच्या बाजूला, कमरेपाशी, चादरीच्या गुंडाळीवर दोन ठिकाणी चुण्या पडल्या होत्या. मुठींत धरल्यावर पडतात तशा. मग दादा कुशीवर, मग पालथा, आणि चुण्या हळूहळू सुटल्या.

मी बाकावर बसून गणित मांडलं. कापडाचा ताण, घर्षण, खांद्याकडून मिळणारं बळ. उत्तर येईना, तेव्हा काच जुनी आहे असं ठरवलं.

पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा मात्र वर सरकत होता. वहिनी पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसली.

भेटीच्या वेळी मी मोठ्या सिस्टरांना विचारलं, "तुम्हाला माणसं कमी पडत नाहीत का?"

"पडतात ना. वर कळवलं होतं. वरून विचारलं, काम अडतंय का?" त्या दादाच्या गालाखालची उशी सारखी करत होत्या. "अडत तर नव्हतं."

"का अडत नव्हतं?"

"सर, तुमचा भाऊ बरा होतोय ना?" त्या म्हणाल्या. "मग?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला परत उताणा करायचा होता. मी आतच होतो, अंगात गाऊन, हातात मोजे. या वेळी कोपऱ्यात उभं राहायची परवानगी मिळाली होती. माणसं तेवढीच. ऊन खिडकीतून थेट त्या जागेवर पडलं होतं.

मला राहवलं नाही. शिकलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही.

"मी धरतो ना इकडून," म्हणत मी गेलोच.

"सर, तिथे नको," एक्सप्रेस म्हणाली.

"अहो, जागा रिकामी आहे."

मी गुंडाळीला हात घातला. कापड आधीच ताणलेलं होतं.

यंत्र वाजायला लागलं. आकडा उतरत होता.

"सर, बाजूला व्हा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. माझ्याकडे बघूनही नव्हता.

मी हललो नाही.

मग मला धक्का बसला. कमरेचा.

ठाम, ओळखीचा, बिनरागाचा. मी भिंतीपर्यंत गेलो. तिघी आपापल्या जागीच होत्या, माझ्या जागी ऊन होतं.

"एक, दोन, तीन."

दादा वळला. आकडा थांबला, विचार केल्यासारखा, आणि चढू लागला.

"थँक यू हां," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर नळी बघत होते, चष्मेवाली औषध. म्हणाल्या कुणाला, ते मी विचारलं नाही.

दादा वाचला. नळी निघाली, घसा सुटला, तेव्हा त्याने आधी जेवणाची चौकशी केली आणि मग आभाराची. "पालथा होतो ना रे, तेव्हा एकीने हात धरून ठेवला होता माझा. बाकीच्या बोलायच्या, ही नाही. खिडकीकडून यायची. हात कसला खरखरीत, घासणीसारखा." मग ओशाळून म्हणाला, "दिवसभर हात धुतात बिचाऱ्या. क्रीम तरी आणून दे त्यांना. तिला नक्की दे."

घरी जायच्या दिवशी मी हाताच्या क्रीमच्या ट्यूब नेल्या. चांगल्यातल्या, गुलाबाच्या वासाच्या. तिघींना एकेक दिली. एक्सप्रेसने चालता चालता, म्हणजे पळता पळता, झाकण उघडून वास घेतला. वहिनी मोठ्या सिस्टरांचे हात धरून उभी राहिली. त्यांचेही खरखरीतच असणार. मी स्वतःला तेवढं समजावलं.

एक ट्यूब उरली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी ती दादाच्या खाटेशेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. भौतिकशास्त्रात याला वाक्य नाही. मी हळूच "आभारी आहे" म्हटलं आणि खोकलो.

पुढे दादाला तपासणीसाठी नेलं. तो खाली डॉक्टरांकडे, जिना न चढण्याची कारणं सांगत, आणि मी वर. त्या खाटेवर दुसरं कुणी होतं, नळी, यंत्र, तीच चादर. ट्यूब कट्ट्यावरच होती. पूर्ण संपलेली. तळापासून गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळत आणलेली, कडेला कड लावून.

मोठ्या सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. हातांत मोजे, त्यामुळे त्यांनी मला कमरेने जरा बाजूला सारलं.

"पुढच्या वेळी बिनवासाचं आणा सर," त्या म्हणाल्या. "पेशंटना शिंका येतात."