ग्राहक घरी नाही

वीरेंद्र रहांगडालेच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: नागपूरला बसून हुकूम सोडणारी, आणि बाकीची बिनडोक. स्वतः तो अजून सडक अर्जुनीत सडत होता, हा त्याच्या मते त्याच्यावरचा घोर अन्याय होता. हायवेला लागून, ढाब्याच्या मागे पत्र्याचं गोदाम. आत पार्सलांची रास, एक पंखा, एक कॉम्प्युटर आणि त्यापुढे हा. हमालीपासून सुरुवात करून सहा वर्षांत तो डिस्पॅच कोऑर्डिनेटर झाला होता. कोणती गाडी कुठल्या गावाला, कोणतं पार्सल आधी, हे तो ठरवायचा. आता नागपूरची मोठी जागा रिकामी होती. अट एकच, महिनाअखेर अठ्ठ्याण्णव टक्के पार्सलं वेळेत पोचलेली हवीत.

त्यावर वीरेंद्रनं एक युक्ती काढली होती. युक्ती कसली, लबाडीच. जे पार्सल वेळेत पोचणार नाही असं दिसे, त्यापुढे तो खुर्चीतूनच 'ग्राहक घरी नाही' असं टाकून मोकळा होई. मग दोष ग्राहकाचा, आणि कंपनी ते पार्सल टक्केवारीत धरत नसे. गाडी त्या गावाकडे फिरकलेलीही नसायची.

"खेड्यातले लोक," चहाचा घोट घेत तो म्हणायचा, "घरी असले काय अन् नसले काय."

डव्वा गावच्या म्हाताऱ्या हिरालाल कटरेंचं पार्सल त्यानं असंच उडवलं. गुडघ्याचा पट्टा होता. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा फोन आला.

"साहेब, मी तं घरीच आहो. तुमचा माणूस काऊन आला नाही?"

"तुम्ही घरी नव्हता. इथे नोंद आहे."

"गुडघे दुखून राहिले, मी कोठी जाईन जी?"

वीरेंद्रनं फोन ठेवला. नोंदीपुढे माणसाच्या शब्दाला त्याच्याकडे काडीची किंमत नव्हती. म्हातारा मात्र रोज फोन करत राहिला. एक तक्रार वरपर्यंत गेली तर नागपूर हुकेल, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं चैतरामला टेम्पो घेऊन खरोखरच डव्व्याला धाडलं. चैतराम पन्नाशीचा, कमी बोलणारा ड्रायव्हर. वीरेंद्र त्याला दगड म्हणायचा, तोंडावर.

दुपारी चैतरामचा मोबाईलवर फोन आला. "साहेब, तो म्हातारा बुडा घरी नाही. तीन दिवस झाले म्हणते त्याची बायको. विहिरी पाहून झाल्या, तलाव पाहून झाला."

तेवढ्यात टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. वीरेंद्रनं तो दुसऱ्या कानाला लावला.

"साहेब, तुमचा माणूस आंगणात उभा आहे," हिरालाल म्हणत होता. आवाज थकलेला. "माह्यी बायको त्याले पाणी देऊन राहिली. मी बाजेवरच बसलो आहो. मले पार्सल कायले देत नाही?"

वीरेंद्रनं मोबाईलवर विचारलं, "चैतराम, पाणी दिलं का रे तुला?"

"हो. लोटा हातातच आहे. तुम्हाले कसं समजलं?"

"बाजेवर कोण आहे?"

"कोणीच नाही, साहेब. चादर आहे."

वीरेंद्रनं दोन्ही फोन ठेवून दिले. तो हुशार माणूस होता, आणि हुशार माणसाला कारण सापडतंच. म्हातारा खिडकीआड लपून टर उडवतोय, झालं. दोघांनाही मूर्ख ठरवून तो जेवायला गेला.

त्या आठवड्यात आणखी चार जणांचे फोन येऊ लागले. चौघं वेगवेगळ्या गावचे, बोलणं एकच: मी घरीच आहे. वीरेंद्रनं ऑफिसच्या फोनची वायर काढून ठेवली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता, टेम्पोचा क्लच गेला. एका ट्रकला बांधून चैतरामनं तो गोदामापर्यंत ओढत आणला. आत अकरा पार्सलं शिल्लक होती. पाचला महिना बंद होणार, त्यानंतर एकही नोंद बदलता येत नसे. अकराही उडवली तरच अठ्ठ्याण्णव.

"साहेब, नका टाकू," चैतराम म्हणाला. "तुम्ही टाकता तसंच होऊन राहिलं."

"दगडाला डोकं कधीपासून आलं?"

"यादी तं पाहा. अकरावं तुमच्याच घरचं आहे. चेतनाताईच्या नावाचं."

वीरेंद्रनं यादी पाहिली. बायकोनं साडी मागवली होती. क्षणभर त्याचं बोट थांबलं. मग चैतराम आपल्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि एका ड्रायव्हरपुढे कचरणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं अकराही नावांपुढे तेच टाकलं आणि स्पीकरवर बायकोला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घरी. आणखी कुठे राहीन?" चेतना म्हणाली.

वीरेंद्र खदखदून हसला. "ऐकलंस? घरी आहे ती."

चैतराम हसला नाही. "डव्व्याचा बुडाही हेच म्हणते, साहेब," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

साडेपाचला नागपूरहून मेल आला. जागा मिळाली होती. वीरेंद्रनं नाक्यावरून पेढे घेतले आणि घरी निघाला. अजून चांगलं ऊन होतं.

दार सताड उघडं होतं. कुकर ओट्यावर, भात गरम. त्यानं दोन्ही खोल्या पाहिल्या, मागचं अंगण पाहिलं. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, बाहेर जाताना तर दिसली नाही.

त्यानं मोबाईलवर यादी उघडली. अकराव्या नावावर बोट दाबून धरलं. काहीच बदलेना.

मग त्यानं तिला फोन लावला. घरात रिंग ऐकू आली नाही. तिनं मात्र लगेच उचलला.

"अहो, कधीची हाका मारते मी. शेजारी कायले विचारता?"

"कुठे आहेस तू?"

"ही काय. तुमच्यासमोर उभी आहे न."

समोर भिंत होती, आणि भिंतीपर्यंत रिकामी फरशी.

वीरेंद्रनं हात पुढे केला. बोटं हवेत चाचपडली, थोडी वर गेली. हाताला काही लागलं नाही.

"हळू," फोनमध्ये चेतना म्हणाली. "डोळ्यात बोट गेलं माझ्या."