हाडांच्या ढिगाजवळची शिकवणी

"काय हुडकताय?"

मागून आवाज आला आणि तारामतीच्या हातातलं हाड गळून पडलं.

त्या दुष्काळात ढोकी स्टेशनामागं मेलेल्या जनावरांच्या हाडांचा डोंगर झाला होता. ती मालगाडीच्या डब्यांत भरून खताच्या कारखान्याला जायची. भरणीवर नजर ठेवायला ठेकेदारानं बाबू नावाचा तरुण ठेवला होता. समोर तोच उभा होता.

तारामती ढोकीचीच, सुट्टीत घरी आलेली. परभणीला ती जनावरांच्या डॉक्टरकीला होती आणि हाडांच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली होती. सरांनी हाड हातात दिलं, की भीतीनं डोळ्यांपुढं अंधारी यायची. पुन्हा नापास झाली, तर कॉलेज सुटणार होतं. त्याहून मोठी धास्ती तिच्या वडलांची, नानासाहेबांची. धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं काम कायमचं टाकलं होतं. लेक या ढिगात दिसली असती तर…

हे सगळं तिनं एका दमात त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. का, ते तिलाही कळलं नाही.

बाबूनं पायाच्या हाडांच्या दोन नळ्या उचलल्या. "डोळे मिटा. भ्यालं की डोळे फसवतात, बोटं न्हाय फसवत."

तिनं मिटले. त्यानं तिचं बोट हाडाच्या खालच्या टोकावर टेकवलं. दोन उंचवटे, मधे फट… ही गाय, दोन खुरांची. दुसऱ्याला एकच रुंद टोक. तो घोडा, त्याला एकच टाप.

मग ती रोज भर दुपारी येऊ लागली, पदर डोक्यावर घेऊन, दर दहा पावलांनी मागं बघत. सातव्या दिवशी मिटल्या डोळ्यांनी चाचपताना बोटांखाली काहीतरी ऊन लागलं.

"गाय-घोड्याची इथली, पुढच्या पायाची, दोन हाडं जुळलेली असतात," ती हळूच म्हणाली. "ही सुटी आहेत. म्हणजे… कुत्रा?"

"माणूस म्हणा की," बाबू म्हणाला. मनगट मात्र त्यानं सोडवून घेतलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. तिनं डोळे उघडले. रुळांपाशी नानासाहेब उभे होते. तिनं मनगट सोडलं.

ते जवळ आले. तिच्याकडं न बघता त्यांनी बाबूला विचारलं, हे कुणी शिकवलं.

"आज्यानं. जन्मभर ढोरं ओढली त्यानं. तेवढीच विद्या होती त्याच्यापाशी."

नानासाहेब खाली बसले आणि धम्म घेतल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी एक हाड हातात घेतलं.

"हे मेंढीचं का शेळीचं, ते लई अवघड," ते लेकीला म्हणाले. "मला का न्हाय इचारलंस, बाई?"

तारामतीला रडू आवरेना.

परीक्षेत सरांनी हाड दिलं तेव्हा अंधारी आलीच. पण बोटांनी उत्तर दिलं. पास होऊन ती ढोकीला उतरली, तर मागचं मैदान मोकळं. ढीग गेला होता. ती फलाटावर परत धावली… टोकाला बाबू ट्रंकेवर बसलेला दिसला, तेव्हा कुठं थांबली.

"काम सरलं," तो म्हणाला. "सांजच्या गाडीनं जायचं. तुमचा निकाल ऐकायला थांबलो."

"निकालच ऐकायचा होता?"

तो खाली बघू लागला. "न्हाय… पण बाकीचं बोलायला भ्या वाटतं."

"मलाही वाटतं," ती म्हणाली, आणि ट्रंकेची एक कडी धरली. "धरा दुसरी. नाना घरीच आहेत."